वर पूर, खाली दुष्काळ: अल्मेरियाची गोष्ट

मॅप उघडा, स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावर अल्मेरिया शोधा. पांढरा डाग दिसला? तो बर्फ नाही, प्लास्टिक आहे. सुमारे ३० हजार हेक्टर ग्रीनहाऊस!

पाऊस इथे जेमतेम. १९५० च्या दशकात सरकारने विहिरी खोदून इथे शेतकरी वसवले. शेतात चिकणमाती, शेणखत आणि वर वाळू असे थर टाकायची पद्धत आली. १९६० च्या दशकात त्यावर प्लास्टिक चढलं आणि टोमॅटो, ढोबळी मिरची युरोपभर जाऊ लागली.

पण उपसा खोलवरच्या भूजलाचा होता. पातळी समुद्रसपाटीच्याही खाली गेली आणि समुद्राचं खारं पाणी आत शिरू लागलं.

खरा ट्विस्ट पुढे आहे. पिकाने न शोषलेलं, खत मिसळलेलं पाणी झिरपून वरच्या भूजल थरात साठलं. ते खारट, म्हणून फारसं कोणी उपसत नाही. लास नोरियास गावाजवळ ग्रीनहाऊससाठीच चिकणमाती काढून खड्डे पडले होते. त्यांत हे पाणी चढत गेलं आणि तळं झालं: 'बाल्सा देल सापो', म्हणजे बेडकाचं डबकं. आसपासची ग्रीनहाऊस बुडू लागली. शेवटी पंप लावून पाणी समुद्रात सोडावं लागलं.

खाली टंचाई, वर पूर, आणि जागा एकच! पाणी आणायची सिस्टीम आधी बनली, निचऱ्याची नंतर सुचली. कोडमध्ये असा बग निघाला तर पॅच टाकता येतो; भूजलात शिरलेलं मीठ इतक्या सहज निघत नाही.