चेरोकी मुलखातला खून : एक तळटीप

७. उज्जैनच्या मुक्कामात लेखिकेने वाचलेली ही कादंबरी म्हणजे सारा सू होक्लोटुबी यांची ‘डिसेप्शन ऑन ऑल अकाउंट्स’ (२००३). होक्लोटुबी स्वतः चेरोकी या अमेरिकी आदिवासी समाजातल्या. त्यांची नायिका सेडी वलेला बँकेत नोकरी करते आणि कथा सुरू होते ती त्या बँकेवरच्या दरोड्यातून. १८३८-३९ च्या सक्तीच्या स्थलांतरात हजारो चेरोकी दगावले. उरलेल्यांनी आजच्या ओक्लाहोमात टाहलेक्वा ही राजधानी केली. तिथे खुनाचा तपास कोणी करायचा, हाही पेचच. राखीव भूमीवर आरोपी आदिवासी असेल, तर १८८५ च्या कायद्यानुसार खटला संघराज्याकडे जातो. पण चेरोकींची भूमी आजही राखीव आहे, हे ओक्लाहोमाच्या फौजदारी अपील न्यायालयाने मान्य केले ते २०२१ मध्ये.

माळव्यातल्या वाचकाला इथे पारधी, कंजर आठवावेत. अशा जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवणारा १८७१ पासूनचा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, तरी चोरी झाली की आजही आधी त्यांच्याच पालांची झडती होते, भांडीकुंडी बाहेर फेकली जातात. आपल्या रहस्यकथांत पारधी भेटतो तो बहुधा संशयित म्हणून. सेडीसारखी, वस्तीतलीच शोध घेणारी नायिका मराठीत यायलाच हवी. सेडीच्या पुढच्या कथा : ‘द अमेरिकन कॅफे’ (२०११), ‘सिंकिंग सस्पिशन्स’ (२०१४). — संपा.