हिवाळा आला की चीनच्या लिनफेन शहराची हवा का बिघडते? वर्षभराचं गणित समजून घ्या

चीनच्या उत्तरेकडच्या शान्शी प्रांतात लिनफेन नावाचं शहर आहे. आजूबाजूचे तालुके धरून लोकसंख्या सुमारे ४० लाख. कोळसा, कोक आणि पोलाद ही इथली ओळख. २००७ मध्ये अमेरिकेतल्या ब्लॅकस्मिथ इन्स्टिट्यूटने जगातल्या सर्वाधिक प्रदूषित १० ठिकाणांची यादी काढली, त्यात लिनफेनचं नाव होतं. पण इथली हवा बाराही महिने सारखीच वाईट नसते. ऋतू बदलला की प्रदूषणाचा प्रकारही बदलतो. तो कसा, हे पाहूया.

हिवाळाच सगळ्यात वाईट का?

पहिलं कारण भूगोल. लिनफेन फेन नदीच्या खोऱ्यात वसलंय. पश्चिमेला ल्युलियांग आणि पूर्वेला ताइयुए पर्वतरांगा. थंडीत जमिनीलगतची हवा गार आणि जड होते, तिच्यावर उबदार हवेचा थर बसतो. पातेल्यावर झाकण ठेवावं तसा प्रकार. वाराही मंद असतो, त्यामुळे धूर वर जात नाही आणि बाजूलाही सरकत नाही.

दुसरं कारण हीटिंग. उत्तर चीनमध्ये साधारण १५ नोव्हेंबर ते १५ मार्च या काळात घरं उबदार ठेवण्याची यंत्रणा सुरू असते. शहरात पाइपमधून गरम पाणी येतं, पण खेड्यांमध्ये आणि शहराच्या कडेच्या वस्त्यांमध्ये वर्षानुवर्षं घरगुती शेगडीत कोळसा जाळला जायचा. वीज प्रकल्पाची चिमणी उंच असते आणि तिथे धुरातलं गंधक काढण्याची सोय असते. घरच्या शेगडीला यातलं काहीच नसतं. धूर थेट गल्लीत उतरतो.

याचा कळस जानेवारी २०१७ मध्ये दिसला. लिनफेनच्या हवेतलं सल्फर डायऑक्साइडचं प्रमाण दर घनमीटरला १,००० मायक्रोग्रॅमच्या वर गेलं. चीनची तासाभराची मर्यादा ५०० आहे.

मग उन्हाळ्यात हवा स्वच्छ असते का?

धूलिकणांच्या बाबतीत बऱ्यापैकी, हो. हीटिंग बंद असतं, हवा मोकळी वर जाते आणि जुलै-ऑगस्टचा पाऊस कण धुऊन काढतो. पण तेव्हा ओझोनचा प्रश्न उभा राहतो. वाहनं आणि कारखान्यांतून निघणारे नायट्रोजन ऑक्साइड आणि कोक भट्ट्यांसारख्या ठिकाणची सेंद्रिय वाफ यांच्यावर कडक ऊन पडलं की जमिनीलगत ओझोन तयार होतो. उत्तर चीनमध्ये पावसाआधी, जूनच्या आसपास तो जास्त असतो. आकाश निळं दिसतं, पण दुपारी दम्याच्या रुग्णांना त्रास होतो.

वसंतात, म्हणजे मार्च ते मे दरम्यान, गोबी वाळवंटाकडून धुळीची वादळं येतात. ही धूळ जाडसर असल्याने पीएम २.५ पेक्षा पीएम १० चा आकडा जास्त उसळतो.

आकड्यांवर विश्वास ठेवायचा का?

हा प्रश्न लिनफेनकरांसाठी फार महत्त्वाचा ठरला. शहरातल्या सहा सरकारी मोजणी केंद्रांमध्ये एप्रिल २०१७ ते मार्च २०१८ या काळात सुमारे १०० वेळा छेडछाड झाल्याचं उघड झालं. हवा शोषून घेणाऱ्या नळीचं तोंड बंद करायचं किंवा तिथे पाणी फवारायचं, अशी पद्धत. २०१८ मध्ये १६ जणांना शिक्षा झाली. शहराच्या पर्यावरण विभागाच्या माजी प्रमुखाला दोन वर्षांची कैद सुनावली गेली. मुलांना बाहेर खेळायला सोडायचं की नाही, हे लोक ज्या आकड्यावरून ठरवतात, तोच खोटा निघाला होता.

सरकारने काय केलं?

जुलै २०१८ मध्ये चीनने तीन वर्षांचा 'निळ्या आकाशाचा' कृती आराखडा जाहीर केला. त्यात लिनफेनसह फेन-वेई मैदानातल्या ११ शहरांचा प्राधान्य क्षेत्रात समावेश झाला. घरगुती कोळशाऐवजी गॅस किंवा वीज, जुन्या कोक भट्ट्या बंद करणं, हिवाळ्यात कारखान्यांच्या उत्पादनावर मर्यादा, असे उपाय झाले.

त्याची किंमतही होती. त्याआधीच्या म्हणजे २०१७ च्या हिवाळ्यात उत्तर चीनमध्ये अनेक ठिकाणी कोळसा बंद झाला, पण गॅस पोहोचलाच नाही. लोक थंडीत कुडकुडले. शेवटी डिसेंबरमध्ये पर्यावरण मंत्रालयाला अशा भागांत कोळसा वापरायला परवानगी द्यावी लागली.

आकडे वाचताना काय लक्षात ठेवायचं?

चीनचा आणि भारताचा एक्यूआय सारखा नाही. चीनमध्ये पीएम २.५ ची २४ तासांची सरासरी ७५ मायक्रोग्रॅम असेल, तर एक्यूआय १०० येतो. भारतात तोच १०० आकडा ६० मायक्रोग्रॅमला येतो. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस तर फक्त १५ ची आहे. त्यामुळे दोन देशांतल्या शहरांची तुलना करताना एक्यूआय नको, मायक्रोग्रॅम पाहा.

दुसरं म्हणजे, वार्षिक सरासरी फसवी असू शकते. पावसाळ्यातले स्वच्छ दिवस जानेवारीतले वाईट दिवस झाकून टाकतात. लिनफेनसारख्या शहराची हवा खरंच सुधारली का, हे पाहायचं असेल तर यंदाच्या जानेवारीची तुलना मागच्या जानेवारीशी करा.