जयनगरातलं निधनाचं पान

बंगळूरच्या जयनगरात, चौथ्या ब्लॉकातल्या शॉपिंग कॉम्प्लेक्सजवळच्या दर्शिनीत, म्हणजे उभ्यानं खायच्या हॉटेलात, तुम्ही उभे आहात. शेजारच्या आजोबांबरोबर ‘बाय-टू’ कॉफी घेतलीय, अर्धी त्यांची, अर्धी तुमची. आजोबा ‘प्रजावाणी’ हे कानडी दैनिक उघडतात, पहिलं पान बाजूला सारून थेट आत जातात आणि पुटपुटतात, ‘निधन’. कानडी अक्षर येत नसलं तरी हा शब्द तुम्हाला समजावून सांगावा लागत नाही.

पुढचं वाक्य मात्र तुम्ही त्यांना दोनदा वाचायला लावता. ‘मृतरिगे पत्नी, इब्बरु पुत्ररु इद्दारे.’ म्हणजे, मृतांना पत्नी आहे, दोन मुलगे आहेत. आपल्याकडे ‘त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुलगे, सुना, नातवंडे असा परिवार आहे’ असं छापतात. माणूस गेला, परिवार मागं उरला. कानडीनं नुसती चतुर्थी लावली आणि गेलेल्या माणसाचं कुटुंब त्याच्याकडंच ठेवलं. मला विचाराल तर कानडी वाक्य सरस.

आता आजोबांच्या हातातला अंक घ्या आणि पान उलटं, मागच्या काळाकडं फिरवा.

27 मे 2021. दर्शिनीचं शटर खाली, रस्त्यावर चिटपाखरू नाही. एच. एस. दोरेस्वामी काल गेले, वयाच्या 103व्या वर्षी. करोनातून उठले होते, पण हृदयानं दगा दिला. अखेरचा श्वास जयदेव हॉस्पिटलात, म्हणजे इथून जवळच. बातमीत ‘स्वातंत्र्यसैनिक’ ठळक असणारच, पण हा माणूस वर्तमानपत्रवालाही होता. 1947 साली म्हैसूर संस्थानात जबाबदार सरकार येईना, तेव्हा ‘पौरवाणी’ चालवणारे दोरेस्वामी सरकारी जाचाला कंटाळून हिंदुपूरला गेले आणि संस्थानाच्या हद्दीबाहेरून अंक काढू लागले.

आणखी मागं. 5 मे 2018. भिंतींवर निवडणुकीची रंगरंगोटी, मतदान 12 तारखेला. जयनगरचे आमदार बी. एन. विजयकुमार प्रचार करता करता कोसळले आणि 4 तारखेच्या पहाटे जयदेवमध्येच वारले. उमेदवारच गेल्यामुळं जयनगरचं मतदान पुढं ढकललं. सगळ्या राज्यानं मत दिलं आणि सरकारंही बसली, तरी तुमच्या गल्लीत अजून कुणी फिरकतंय ते 11 जूनच्या मतासाठी. विजयकुमारांच्या भावाला त्यांच्याच पक्षानं उभं केलं. पण विरोधातल्या सौम्या रेड्डी 2,889 मतांनी जिंकल्या. त्याच सौम्या रेड्डी 2023 साली याच जयनगरात 16 मतांनी हरल्या, पण तो अंक तुमच्या मागं राहिला.

1 फेब्रुवारी 2005. डॉ. एच. नरसिंहय्या. इथं ते कानडी वाक्य अडखळतं, कारण पत्नी नाही, पुत्र नाहीत. खादी नेसलेला हा ब्रह्मचारी आयुष्यभर बसवनगुडीच्या नॅशनल कॉलेजच्या वसतिगृहातल्या एका खोलीत राहिला. जयनगरचं नॅशनल कॉलेज 1965चं, त्यांच्याच धडपडीतून उभं राहिलेलं. बंगळूर विद्यापीठाचे कुलगुरू असताना त्यांनी चमत्कार तपासायला समिती नेमली आणि सत्यसाईबाबांना आव्हान दिलं, ते 1976 साल. आपल्याकडे अंनिस तेव्हा जन्मायची होती. ‘इद्दारे’च्या आधी काय लिहायचं? मी तरी त्यांचे विद्यार्थी लिहिले असते.

1 ऑक्टोबर 1990. रिक्षा थांबलेल्या, पुढच्या काचेला हार. शंकर नाग पस्तिशीतच गेले, दावणगेरेजवळ अनगोडूला, अपघातात. ‘ऑटो राजा’ झालेला हा नट रिक्षावाल्यांच्या घरचाच. त्याचं चित्र आजही बंगळूरच्या रिक्षांच्या पाठीवर दिसतं. तुम्हाला ही बातमी परकी वाटत नाही. हा मुलगा मुंबईच्या मराठी रंगभूमीवर घडलेला, ‘मालगुडी डेज’ तर सगळ्यांनीच पाहिलेली. मृतांना पत्नी आहे, ती अरुंधती. चौदा वर्षांनी ती शेजारच्या जे. पी. नगरात ‘रंगशंकरा’ उघडेल. चतुर्थी तेवढी खरी ठरली!

आता मध्ये थांबू नका. घरं बुटकी होत जातात, झाडं रोपटी होतात, पायाखालचं डांबर मातीत विरतं. तुम्ही अशोकस्तंभाजवळ उभे आहात. साल 1948. गव्हर्नर जनरल राजाजींच्या हस्ते कोनशिला बसलीय, महाराज जयचामराजेंद्रांच्या नावावरून वसाहतीला जयनगर म्हणायचं ठरलंय. दक्षिणेचं शहर इथंच संपतं. पुढचा चौक म्हणूनच ‘साउथ एंड’.

गंमत म्हणजे वर्तमानपत्रही याच वर्षीचं. अबकारीच्या धंद्यातले के. एन. गुरुस्वामी 17 जूनला ‘डेक्कन हेरल्ड’ काढतात. संपादक पोथन जोसेफ, जे आधी जीनांच्या ‘डॉन’चे संपादक होते. 11 सप्टेंबरला कराचीत जीना वारतात, तेव्हा त्यांच्या जुन्या संपादकाच्या हाती बंगळूरचं जेमतेम तीन महिन्यांचं पत्र आहे. 15 ऑक्टोबरला गुरुस्वामींचीच ‘प्रजावाणी’ निघते. जुळारी कानडी खिळे जुळवतोय. शाई ओली आहे, बोटाला लागते.

अंक चाळून पाहायचा तर पाहा. पण आपल्या पत्त्याचं निधन त्यात शोधू नका. जयनगरात मरायला अजून कुणी राहायलाच आलेलं नाही.