तेलाने काठोकाठ भरलेले भांडे

बेंगळुरूत काही वर्षे राहिलेल्या मराठी माणसाच्या एक गोष्ट ध्यानात येते. गरोदरपणाचे आणि बाळंतपणाचे शब्द मराठीत आणि कन्नडमध्ये शेजारी नांदतात. आपली बाळंतीण ती इथे बाणंती, आपले बाळंतपण ते इथे बाणंतन. डोहाळ्यांना इथे ‘बयके’ म्हणतात, शब्द निराळा. पण हिरव्या बांगड्या, ओटी आणि गोडाधोडाचे ताट दोन्ही घरांत सारखेच. आणि दोन्ही घरांत पहिली ताकीदही तीच असते: पपई खायची नाही.

या पपईपासूनच सुरुवात करतो. ‘आपल्या पूर्वजांनी सांगून ठेवले आहे’ असे म्हणून ही ताकीद दिली जाते. पण पपई मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीज आल्यानंतर, सोळाव्या शतकात, ती आपल्याकडे पोहोचली. कन्नडमध्ये तिला ‘परंगी हण्णु’ म्हणतात, म्हणजे फिरंग्यांचे फळ. चरक किंवा सुश्रुत यांनी ती पाहिलेलीच नव्हती, मग ते तिच्याबद्दल काय सांगणार? कच्च्या पपईच्या चिकाबद्दल सावध असावे, हे आजचे डॉक्टरही सांगतात, त्याला माझा आक्षेप नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. पूर्वजांनी न सांगितलेली गोष्ट आपण त्यांच्या नावाने इतकी घट्ट धरली. मग त्यांनी खरोखर जे सांगितले होते, त्याचे काय झाले?

चरकसंहितेच्या शारीरस्थानातला आठवा अध्याय यासाठी वाचावा. गरोदर बाईच्या आहाराचा महिनावार क्रम त्यात दिला आहे. पहिल्या महिन्यात थंड, साधे दूध पचेल तेवढे घ्यावे. दुसऱ्यात मधुर औषधींनी सिद्ध केलेले दूध, तिसऱ्यात मध आणि तूप घातलेले दूध, चौथ्यात दुधावरचे तोळाभर लोणी, पाचव्यात दुधापासून काढलेले तूप. सहाव्या-सातव्यात तेच तूप मधुर औषधींनी सिद्ध करून, आठव्यात दुधात शिजवलेली तूप घातलेली पेज. नवव्यात खाण्यापेक्षा तेलाच्या उपचारांवर भर. उलट्या होणाऱ्या, अन्न नकोसे झालेल्या बाईला पहिल्या तीन महिन्यांत दूध आणि पातळ आहार, पुढे हळूहळू पौष्टिक, असा हा साधा हिशेब आहे. आजचा वैद्य त्याला फारशी नावे ठेवणार नाही.

त्याच अध्यायात काय करू नये याचीही लांब यादी आहे. उकिडवे बसू नये, खडबडीत आसनावर बसू नये, वेग अडवू नयेत, तिखट व उष्ण खाऊ नये. नेहमी उताणी झोपणाऱ्या बाईच्या गर्भाच्या गळ्याला नाळेचा वेढा बसतो, भांडखोर बाईचे मूल अपस्मारी होते, असेही त्यात आहे. बाळात जे काही उणे निघेल त्याचे मूळ आईच्या वागण्यात शोधायचे, ही सवय इतकी जुनी आहे. ती यादी वाचताना मला अजूनही अस्वस्थ व्हायला होते.

पण यादी संपताच चरक एक उपमा देतो आणि बोट दुसरीकडे वळवतो. काठोकाठ तेलाने भरलेले भांडे न हिंदकळवता न्यावे तसे गर्भिणीला सांभाळावे, असे तो म्हणतो. हे वाक्य गर्भिणीला उद्देशून नाही, ते तिच्या भोवतीच्या माणसांना उद्देशून आहे. भांडे स्वतःला सांभाळत नसते, ते नेणाऱ्याने सांभाळायचे असते. तिला आजार झाला तर मृदू, मधुर, थंड उपचार करा, ओकारीची, रेचाची, रक्त काढण्याची उग्र औषधे देऊ नका, ही आज्ञाही वैद्याला आहे.

गर्भपाताबद्दलही हे ग्रंथ आपल्या कल्पनेपेक्षा समंजस आहेत. चौथ्या महिन्यापर्यंत गर्भ जातो त्याला स्राव म्हणावे, पाचव्या-सहाव्यात जातो त्याला पात म्हणावे, हा भेद सुश्रुताने केला. कीड लागून, वाऱ्याने किंवा मार बसून फळ अवेळी देठावरून गळावे तसा गर्भ गळतो, असे तो म्हणतो. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात रक्त दिसले तर गर्भ बहुधा टिकत नाही, कारण त्याला अजून बळ आलेले नसते, हे चरक आडपडदा न ठेवता सांगतो. चौथ्या महिन्यानंतर रक्त दिसले तर मात्र उपाय सांगतो: मऊ, थंड अंथरूण, डोके किंचित खाली, ज्येष्ठमध आणि तुपात भिजवलेला बोळा, बेंबीखाली शंभर वेळा धुतलेल्या तुपाचा लेप, आणि तिच्याजवळ बसून मनाला बरे वाटेल अशा गोष्टी. आजचे शास्त्र सांगते की सुरुवातीच्या गर्भपातांपैकी सुमारे निम्म्यांत गुणसूत्रांचा दोष असतो आणि नुसते पडून राहण्याने ते टळत नाहीत. त्यामुळे त्या बोळ्याने गर्भ राहत असेल, असे मी म्हणणार नाही. पण तिच्याजवळ कोणीतरी बसावे, हे सांगायला वैद्य विसरला नाही.

आता या साऱ्यातली सर्वांत वजनाची सूचना. ती सुश्रुताच्या शारीरस्थानात दहाव्या अध्यायात आहे. सोळा वर्षे पुरी न झालेल्या मुलीला पंचवीस न झालेल्या पुरुषापासून गर्भ राहिला, तर तो पोटातच दगावतो. जन्मला तर फार जगत नाही. जगला तर दुबळा राहतो, म्हणून फार लहान मुलीच्या ठायी गर्भाधान करू नये, असा त्याचा आशय. बारा वर्षांच्या मुलीशी लग्न करावे हे वाक्यही लगेच आधी आहे, हे लपवायचे कारण नाही. पण लग्न आणि गर्भ यांत चार वर्षांचे अंतर ग्रंथकर्त्याला हवे होते. वाग्भटाने पुरुषाचे वय विसावर आणले, पण बाईचे सोळाच ठेवले.

सुश्रुतसंहिता 1835–36 मध्ये मधुसूदन गुप्तांनी कलकत्त्यात छापून काढली. त्यानंतर चाळीसेक वर्षांनी कल्याणच्या यमुनेचे, लग्नानंतरच्या आनंदीबाई जोशींचे, वयाच्या नवव्या वर्षी लग्न झाले. गोपाळराव तिच्याहून सुमारे वीस वर्षांनी मोठे. म्हणजे सुश्रुताची पुरुषाबद्दलची अट पुरी झाली होती, मुलीबद्दलची राहिली. चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. उपचार मिळाले नाहीत या दुःखातून तिने डॉक्टर होण्याचे ठरवले, हे आपण शाळेपासून ऐकतो. त्याच्या पुढची गोष्ट कमी ऐकू येते. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून 1886 मध्ये पदवी घेताना आनंदीबाईंनी प्रबंधासाठी विषय निवडला तो आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्राचा. आयुर्वेदाचे ग्रंथ आणि अमेरिकन पाठ्यपुस्तके दोन्ही समोर ठेवून त्यांनी तो लिहिला. मूल गमावलेल्या वीस वर्षांच्या आईने आपल्या पूर्वजांनी गर्भिणीला काय सांगितले होते ते परक्या देशात बसून, परक्या भाषेत मांडले. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या कक्षाची जबाबदारी त्यांना मिळाली होती, पण ती हाती घेण्याआधीच, 26 फेब्रुवारी 1887 रोजी, क्षयाने पुण्यात त्यांचे निधन झाले.

चारच वर्षांनी त्याच पुण्यात संमतिवयाच्या विधेयकावरून रणे माजली. मर्यादा दहावरून बारा वर्षांवर नेण्याचा प्रस्ताव होता. रा. गो. भांडारकरांनी धर्मग्रंथांतूनच त्याच्या बाजूचे पुरावे काढले, सुधारकांनी सुश्रुताचा सोळा वर्षांचा श्लोकही पुढे केला. टिळकांचे म्हणणे असे की परक्या सरकारने आमच्या धर्माचारात हात घालू नये. पहिल्या ऋतूनंतर गर्भाधान झालेच पाहिजे हा आचार सनातन्यांना वैद्यकापेक्षा मोठा वाटला. मार्च 1891 मध्ये कायदा झाला, पण सोळा आणि बारा यांतले अंतर तसेच राहिले.

इथे बेंगळुरू पुन्हा येते. तेव्हा म्हैसूर संस्थानाचा कारभार याच शहरातून, अठरा कचेरीच्या लाल इमारतीतून चाले. शेषाद्री अय्यर दिवाण असताना 1894 मध्ये संस्थानाने बालविवाहाविरुद्ध स्वतःचा कायदा केला. आठ वर्षांखालच्या मुलीचे लग्न आणि पन्नाशी उलटलेल्या पुरुषाचे चौदा वर्षांखालच्या मुलीशी लग्न, दोन्ही गुन्हा ठरले. परक्या सरकारचा हात, ही तक्रार इथे लागू नव्हती, राजा आपलाच होता. तरीही आकडा आठच्या वर गेला नाही. पुढे 1929 च्या सारडा कायद्याने मुलीच्या लग्नाचे वय चौदा केले, 1949 मध्ये ते पंधरा झाले आणि 1978 मध्ये अठरा. सुश्रुताने सांगितलेले सोळा वर्ष ओलांडायला आपल्या कायद्याला विसावे शतक संपत यावे लागले.

माझी आजी पंधराव्या वर्षी पहिल्यांदा गरोदर राहिली. ते मूल राहिले नाही, त्यानंतरचेही नाही. तिने सुंभाचा दोर ओलांडला म्हणून असे झाले, असे घरात ठरले, आणि ती ऐंशीची झाली तरी दोर दिसला की वळसा घालून जायची. तिच्या घरात दूध होते, तूप होते, डोहाळजेवणही झाले होते. जे पथ्य तिने पाळायचे होते ते सारे पाळले गेले. जे घराने पाळायचे होते, तिचे वय पाहायचे होते, त्याची कोणाला आठवणही नव्हती. परंपरा विसरली जाते ती अशी निवडून विसरली जाते. बाईच्या जिभेवरचा आणि पावलांवरचा नियम टिकतो, घरच्या कर्त्यांवरचा गळतो.

दोष बाईच्या वागण्यात न शोधता तिच्या ताटात शोधला, तर काय सापडते याचे उदाहरण मुंबईत आहे. 1928 मध्ये लूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर गिरणी कामगार बायकांना गरोदरपणात होणाऱ्या जीवघेण्या पंडुरोगाचा अभ्यास करायला आली. या बायका काय खातात आणि त्यांना काय परवडत नाही, हे तिने पाहिले. यीस्टच्या अर्काने, बाजारात मिळणाऱ्या स्वस्त मार्माइटने, त्या बऱ्या होतात हे तिने 1931 मध्ये प्रसिद्ध केले. त्यातला गुणकारी घटक फोलेट होता हे नंतर कळले. आज प्रत्येक गर्भिणीला दिली जाणारी फोलिक आम्लाची गोळी त्या कामगार बायकांच्या ताटापासून सुरू झाली.

आजच्या बेंगळुरूत वयाचा प्रश्न उलटा झाला आहे. तिशी ओलांडलेली मुलगी संगणक कंपनीत काम करते, आई उद्यान एक्सप्रेसने डिंकाचे आणि अळिवाचे लाडू घेऊन येते, गर्भसंस्काराचे वर्ग पडद्यावर चालतात. पीण्याच्या कपडे कारखान्यांत शिलाई यंत्रावर बसणाऱ्या बायकांना यातले काहीच नसते. पण दोघींनाही ताकीद एकच मिळते: तू जप, तू धावू नकोस, तू ताण घेऊ नकोस. गर्भ गेला तर दोघीही आधी स्वतःचेच काय चुकले ते शोधतात.

म्हणून दोघींना एक गोष्ट माहीत असायला हवी. मातृत्व लाभाच्या कायद्यातल्या एका कलमाप्रमाणे गर्भपात झालेल्या कामकरी बाईला सहा आठवड्यांची पगारी रजा मिळते. ज्यांना हा कायदा लागू आहे अशा बायकाही दोन दिवसांची आजारपणाची रजा टाकून परत कामावर जाताना मी पाहिल्या आहेत, कारण कोणी सांगितलेले नसते. हे कलम बाईला काही करायला सांगत नाही, ते मालकाला सांगते. तेलाच्या भांड्याची उपमा ज्यांना उद्देशून होती, त्यांतलाच तो एक. घरात पपईची आठवण जितक्या वेळा निघते, त्यातली एक वेळ या कलमाला मिळाली तरी पूर्वजांचे निम्मे म्हणणे पाळल्यासारखे होईल.