प्रकाशोपचाराचा रुग्णालयातून घरापर्यंतचा प्रवास : तांबड्या व अवरक्त प्रकाशाच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

चेहऱ्यावर मुखवट्याप्रमाणे बसवायचे व आतील बाजूने तांबडा प्रकाश टाकणारे एक साधन गेल्या काही वर्षांत बाजारात आले आहे. रोज काही मिनिटे ते वापरल्यास सुरकुत्या कमी होतात, त्वचा पुन्हा तरुण दिसते, असे विक्रेते सांगतात. तांबड्या प्रकाशासोबत डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाशही यात वापरला जातो. या साधनाकडे सामान्यतः आधुनिक सौंदर्यप्रसाधन म्हणून पाहिले जाते. प्रत्यक्षात त्यामागे सुमारे दीडशे वर्षांचा इतिहास असून त्यात नोबेल पारितोषिक आहे, तसाच न्यायालयात सिद्ध झालेला अपराधही आहे. वैद्यकाच्या इतिहासात एखादा उपचार रुग्णालयातून घरात येतो तेव्हा त्याचे नेमके काय होते, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी हा विषय उपयुक्त ठरतो.

औषधाप्रमाणे प्रकाशालाही मात्रा असते. तरंगलांबी, तीव्रता, अंतर व वेळ या चार गोष्टींवरून ती ठरते. प्रकाशोपचाराची साधने वेळोवेळी घरात आली, पण मात्रेची शिस्त त्यांच्यासोबत आली नाही, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती :

१) प्रकाशोपचाराच्या विकासाचे प्रमुख टप्पे अभ्यासणे.
२) रुग्णालयीन उपचार व घरगुती वापर यांतील फरक स्पष्ट करणे.
३) त्वचेच्या पुनरुज्जीवनासाठी वापरल्या जाणाऱ्या आजच्या साधनांकडे ऐतिहासिक दृष्टीने पाहणे.

प्रस्तुत लेखासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून दुय्यम साधनांचा आधार घेतला आहे.

घरातील पहिली लाट : निळी काच

१८०० मध्ये विल्यम हर्शेल यांनी लोलकातून पडणाऱ्या रंगपटातील तांबड्या पट्ट्याच्या पलीकडे तापमापक ठेवला आणि तेथेही उष्णता असल्याचे त्यांना आढळले. हाच अवरक्त प्रकाश होय. पुढच्याच वर्षी योहान रिटर यांनी जांभळ्या पट्ट्यापलीकडील अतिनील किरणांचा शोध लावला. प्रकाशाचे घटक वेगळे करता येतात व त्यांचे परिणामही वेगवेगळे असतात, हे यातून स्पष्ट झाले.

या ज्ञानाचा घरगुती वापर मात्र भलत्याच वाटेने सुरू झाला. अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथील जनरल ऑगस्टस प्लेझंटन यांनी आपल्या द्राक्षघरात निळ्या काचा बसवून वेल जोमाने वाढल्याचा दावा केला. १८७६ मध्ये त्यांचे पुस्तक निघाले. त्यानंतर अनेकांनी खिडक्यांना निळ्या काचा बसवून संधिवातापासून अशक्तपणापर्यंतच्या तक्रारींवर त्यांखाली बसण्यास सुरुवात केली. १८७७ मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन' या नियतकालिकाने या दाव्याची कठोर चिकित्सा केली. निळी काच प्रकाशात कशाचीही भर घालीत नाही, उलट त्यातील काही भाग अडवते. म्हणजे काचेखाली बसणाऱ्यास मोकळ्या उन्हापेक्षा कमीच प्रकाश मिळतो. अंगावर किती प्रकाश पडतो हे मोजण्याची गरज वापरणाऱ्यांना वाटली नाही. ही लाट लवकरच ओसरली.

नील्स फिन्सेन व मात्रेची शिस्त :

प्रकाशोपचारास शास्त्रीय पाया देण्याचे श्रेय डॅनिश वैद्य नील्स रायबर्ग फिन्सेन यांना दिले जाते. १८६० मध्ये फेरो बेटांवरील टोर्सहाव्न येथे जन्मलेले फिन्सेन स्वतः दीर्घ आजाराने ग्रस्त होते. १८९३ मध्ये त्यांनी देवीच्या रुग्णांना तांबड्या प्रकाशाच्या खोलीत ठेवण्याची सूचना केली. देवीच्या रुग्णाभोवती तांबडे कापड लावण्याची रीत युरोपात मध्ययुगापासून होती व चौदाव्या शतकातील इंग्रज वैद्य जॉन ऑफ गॅडस्डेन यांनी तिचा उल्लेख केला आहे. फिन्सेन यांनी या जुन्या रीतीस नवे कारण दिले. फोड चिघळण्यास रंगपटाच्या जांभळ्या टोकाकडील 'रासायनिक किरण' कारणीभूत असावेत, म्हणून छायाचित्रकाराच्या अंधाऱ्या खोलीप्रमाणे रुग्णास त्यांपासून दूर ठेवावे, असा त्यांचा तर्क होता. आधुनिक वैद्यकात तांबडा प्रकाश प्रथम आला तो त्याच्या निरुपद्रवीपणामुळे, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे. आज त्याच प्रकाशाला सक्रिय औषधाचे स्थान दिले जाते.

फिन्सेन यांचे खरे यश ल्युपस व्हल्गॅरिस या क्षयजन्य त्वचारोगावरील उपचारात होते. हा रोग चेहरा विद्रूप करीत असे. १८९५ मध्ये त्यांनी कार्बन आर्क दिव्याने उपचार सुरू केले व १८९६ मध्ये कोपनहेगन येथे त्यांची प्रकाशसंस्था स्थापन झाली. दिव्याचा प्रकाश स्फटिकाच्या भिंगांतून एकवटला जाई, उष्णता शोषून घेण्यासाठी मध्ये पाणी ठेवलेले असे आणि त्वचेतील रक्त बाजूला सारण्यासाठी त्या जागी भिंग दाबून धरले जाई. प्रत्येक रुग्णाजवळ परिचारिका असे. १९०३ मध्ये त्यांना वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले व १९०४ मध्ये त्यांचे निधन झाले.

२००५ मध्ये डॅनिश संशोधकांनी फिन्सेन यांची जुनी उपकरणे तपासली. त्यांतील भिंगे व गाळण्या लघु तरंगलांबीचे अतिनील किरण अडवीत होत्या, असे त्यांना आढळले. जंतूंमधील पॉर्फिरिन हे द्रव्य प्रकाश शोषून घेते व त्यातून जंतूंचा नाश होतो, असे स्पष्टीकरण त्यांनी पुढे मांडले. कारणमीमांसा अपुरी असतानाही फिन्सेन यांचा उपचार यशस्वी झाला, याचे कारण त्यांनी प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवली व उपचाराची पद्धत काटेकोर पाळली, हे होय.

घरगुती सूर्यदीप :

१९०४ च्या सुमारास जर्मनीतील हानाऊ येथे क्वार्ट्झचा पारददीप तयार झाला. १९१९ मध्ये बर्लिनचे कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी अशा दिव्याने मुलांचा मुडदूस बरा होतो हे दाखवून दिले. हा निष्कर्ष पक्का होता, कारण क्ष-किरण चित्रांतून हाडांतील सुधारणा दिसत होती. त्यानंतर १९२० व १९३० च्या दशकांत युरोप-अमेरिकेत सूर्यदीप घरोघरी पोहोचले. मुडदुसावरील मर्यादित उपाय सर्वसाधारण आरोग्य व सौंदर्य यांचे साधन बनला. रुग्णालयात वैद्य अंतर व मिनिटे ठरवीत असे; घरात त्वचा लाल होणे हीच मर्यादेची खूण राहिली. या लालसरपणाच्या पलीकडील हानी दिसण्यास अनेक वर्षे लागतात. २००९ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्वचा सावळी करण्याच्या अतिनील साधनांचा समावेश कर्करोगकारक घटकांच्या पहिल्या गटात केला व त्याच वर्षी ब्राझीलने सौंदर्यासाठी त्यांच्या वापरावर बंदी घातली. तांबडा व अवरक्त प्रकाश अतिनील किरणांप्रमाणे पेशींतील जनुकीय द्रव्याला थेट इजा करीत नाही, त्यामुळे या दोहोंची तुलना प्रकाशाच्या प्रकारापुरती करता येत नाही. वापराच्या रीतीपुरती ती अवश्य करता येते.

दिनशा घडियाली : मुंबई ते न्यू जर्सी

या इतिहासाचा मुंबईशी असलेला संबंध फारसा परिचित नाही. दिनशा पेस्तनजी फ्रामजी घडियाली यांचा जन्म १८७३ मध्ये मुंबईत एका पारशी कुटुंबात झाला. अमेरिकेत स्थायिक झाल्यानंतर १९२० मध्ये त्यांनी 'स्पेक्ट्रो-क्रोम' ही उपचारपद्धती पुढे आणली. एका पेटीत विजेचा दिवा व त्यापुढे रंगीत काचा, अशी तिची रचना होती. कोणत्या आजारास कोणता रंग, याचे सविस्तर नियम त्यांनी सांगितले होते. न्यू जर्सीतील मलागा येथील त्यांच्या संस्थेमार्फत ही यंत्रे अमेरिकेतील हजारो लोकांपर्यंत पोहोचली. मधुमेह व क्षय यांसारख्या रोगांवरही ती गुणकारी असल्याचे सांगितले जाई.

१९३८ च्या अन्न, औषध व सौंदर्यप्रसाधन कायद्याने अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनास वैद्यकीय साधनांवर कारवाईचा अधिकार दिला. १९४७ मध्ये न्यायालयाने घडियाली यांना दोषी ठरवून २०,००० डॉलर दंड व पाच वर्षांची परिवीक्षा अशी शिक्षा दिली. त्यांचे साहित्य नष्ट करण्याचाही आदेश झाला. खटला उभा राहिला तो यंत्राविषयीच्या खोट्या दाव्यांवर. रंगीत काचेतून दिव्याचा प्रकाश पाडणे हा काही गुन्हा नव्हता. घडियाली यांच्या पद्धतीत मात्रेचा आभास पुरेपूर होता. वेळा, रंग व शरीराचे भाग सगळे ठरलेले होते. तथापि त्या आकड्यांमागे तुलनात्मक निरीक्षण नव्हते. मोजमाप आणि मोजमापाचा आभास यांतील हे अंतर या प्रकरणातून स्पष्ट होते. घडियाली यांचे १९६६ मध्ये निधन झाले.

मेस्टर ते नासा :

योगायोग असा की, पुढील वर्षीच तांबड्या प्रकाशाच्या आधुनिक संशोधनाचा आरंभ झाला. १९६० मध्ये थिओडोर मेमन यांनी माणकाचा लेसर तयार केला होता. बुडापेस्ट येथील शल्यचिकित्सक एंद्रे मेस्टर १९६७ मध्ये अशा लेसरचा उंदरांवरील परिणाम तपासत होते. उंदरांच्या पाठीचे केस काढून त्यांवर ६९४ नॅनोमीटरचा मंद तांबडा प्रकाश टाकला असता कर्करोग झाला नाही, उलट प्रकाश न दिलेल्या उंदरांपेक्षा त्यांचे केस लवकर उगवले. येथे तुलनेसाठी वेगळा गट होता, हेच या अनपेक्षित निरीक्षणाचे बळ ठरले. पुढे मेस्टर यांनी न भरणाऱ्या जखमांवर या प्रकाशाचा वापर केला. रशियन संशोधक तीना कारू यांनी पेशीतील तंतुकणिकांमधील सायटोक्रोम सी ऑक्सिडेज हे विकर तांबडा व निकट-अवरक्त प्रकाश शोषून घेते व त्यामुळे पेशीची ऊर्जानिर्मिती वाढते, असा सिद्धान्त मांडला. तो व्यापकपणे स्वीकारला गेला असला तरी त्याविषयी वाद संपलेला नाही.

१९६२ मध्ये निक होलोन्याक यांनी दृश्य तांबडा प्रकाश देणारा एलईडी दिवा बनविला होता. अंतराळात रोपे वाढविण्यासाठी नासाच्या साहाय्याने विकसित झालेले एलईडी दिवे विस्कॉन्सिनमधील वैद्य हॅरी व्हेलन यांनी जखमांवर वापरून पाहिले व २००१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. खर्चिक लेसरची जागा स्वस्त दिव्यांनी घेतल्यामुळे घराचा दरवाजा पुन्हा उघडला.

मुखवट्याचा काळ :

त्वचेच्या पुनरुज्जीवनाविषयी काही नियंत्रित अभ्यास उपलब्ध आहेत. २००७ मध्ये कोरियातील ७६ जणांवरील चाचणीत ६३३ व ८३० नॅनोमीटरच्या प्रकाशाने सुरकुत्या व त्वचेची लवचिकता यांत सुधारणा दिसली. तेथे चेहऱ्याच्या एकाच बाजूस उपचार दिला होता. २०१४ मध्ये जर्मनीत १३६ स्वयंसेवकांवर झालेल्या अभ्यासातही अनुकूल परिणाम नोंदविले गेले. परिणाम मुळीच नाही असे म्हणता येत नाही. परंतु अशा चाचण्यांतील उपकरणे निश्चित क्षमतेची व सत्रे देखरेखीखालील होती. प्रकाशाची मात्रा कमी पडल्यास परिणाम होत नाही व जास्त झाल्यास तो घटतो, असेही प्रयोगशाळेतील संशोधनात आढळले आहे. त्यामुळे एका उपकरणाचा निष्कर्ष दुसऱ्यास लागू करता येत नाही.

अमेरिकेत अशा अनेक साधनांना मिळणारी विक्रीपरवानगी ही ते आधीच्या मान्य साधनाशी समतुल्य असल्याच्या आधारे दिलेली असते. जाहिरातीत मात्र तीच परिणामकारकतेची हमी म्हणून मिरवली जाते. जुलै २०१९ मध्ये न्यूट्रोजिना कंपनीने मुरुमांसाठीचा आपला प्रकाश-मुखवटा परत मागविला. काही नेत्रविकार असलेल्या किंवा प्रकाशसंवेदनशीलता वाढविणारी औषधे घेणाऱ्या थोड्या लोकांच्या डोळ्यांस इजा होण्याची शक्यता, हे त्यामागील कारण होते. रुग्णालयात असा धोका विचारपूस करून टाळता येतो. घरात विचारणारे कोणी नसते.

भारतीय वाचकासाठी आणखी एक मुद्दा महत्त्वाचा आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन चाचणीत तांबड्या एलईडी प्रकाशाची सुरक्षित मर्यादा गोऱ्या त्वचेसाठी ४८० तर वर्णयुक्त त्वचेसाठी ३२० ज्यूल प्रति चौरस सेंटिमीटर आढळली. घरगुती साधनांची मात्रा यापेक्षा पुष्कळ कमी असते. तथापि एकाच प्रकाशाचा परिणाम त्वचेच्या वर्णानुसार बदलतो, हे यातून सिद्ध होते. सर्वांसाठी एकच वेळ छापणाऱ्या माहितीपत्रकात या फरकाला स्थान नसते.

निष्कर्ष :

१) प्रकाशोपचार खरा की खोटा, असा सरसकट निवाडा इतिहासाच्या आधारे देता येत नाही. घडियाली यांच्या शिक्षेवरून मेस्टर यांचे निरीक्षण खोटे ठरत नाही आणि मेस्टर यांच्या निरीक्षणावरून आजच्या प्रत्येक विक्रेत्याचा दावा खरा ठरत नाही.
२) फिन्सेन, हुल्डशिन्स्की व मेस्टर यांची कारणमीमांसा पूर्ण होती म्हणून ते टिकले असे नाही, नोंद, तुलना व मात्रा यांमुळे ते टिकले.
३) निळी काच, सूर्यदीप, स्पेक्ट्रो-क्रोम व मुखवटा या चारही प्रसंगी साधन घरात आले, परंतु मात्रा ठरविणारा व रुग्णास प्रश्न विचारणारा जाणकार बाहेरच राहिला.
४) साधनावर तरंगलांबी, त्वचेवर पडणारी तीव्रता, अंतर व वर्ज्य रुग्णगट यांची नोंद असणे बंधनकारक करणे ही ग्राहकाच्या दृष्टीने पहिली गरज आहे.

एकंदरीत, प्रकाशोपचार घरात यावा की नाही हा प्रश्न आता मागे पडला आहे. तो आलेलाच आहे. फिन्सेन यांच्या रुग्णालयात परिचारिका जे काम करीत असे, ते घरात कोणी करायचे, याचे उत्तर शासन, उत्पादक व वैद्यक यांनी मिळून द्यावयाचे आहे.