फ्रीडायव्हिंग : प्रशिक्षण आणि सुरक्षा
पाठीवर हवेची टाकी न घेता, एका श्वासावर खोल पाण्यात बुडी मारण्याचा क्रीडाप्रकार. ‘आयडा’ ही त्याची आंतरराष्ट्रीय संघटना 1992 मध्ये स्थापन झाली.

शिकणे उथळ पाण्यातच सुरू होते: अंग सैल सोडणे, श्वास रोखणे, नाक चिमटीत धरून कानांतला दाब सारखा करणे. 10 मीटरवर दाब दुप्पट होतो, फुप्फुसांतली हवा आक्रसून निम्मी होते. कान दुखला की तिथूनच माघारी फिरायचे. पुढे सराव वाढेल तशी खोली 20, 30, 40 मीटरपर्यंत नेतात. घाई करणाऱ्याला फुप्फुसांची इजा होऊ शकते.

खरा धोका मात्र वर येताना, शेवटच्या 10 मीटरांत असतो. दाब उतरताच रक्तातला ऑक्सिजन झपाट्याने घटतो आणि शुद्ध हरपते. बुडीआधी भराभर श्वास घेणे तर घातकच, कारण कार्बन डायऑक्साइड कमी झाल्याने श्वासाची निकड उशिरा जाणवते. म्हणून तरबेज साथीदार हवाच. तो वाटेत सामोरा जातो आणि वर आल्यावरही 30 सेकंद नजर हटवत नाही. शुद्ध गेलीच, तर तोंड पाण्याबाहेर धरून मास्क काढतो, गालावर फुंकर घालून हाका मारतो.

41 विश्वविक्रम नोंदवणारी रशियाची नतालिया मोल्चानोवा 2015 मध्ये स्पेनच्या फोर्मेंतेरा बेटाजवळ बुडी मारून वर आलीच नाही.