लिलावातलं कोहळं

आशीर्वाद झाला की एरवी लोक दाराशी चपला शोधायला धावतात. हंगामाच्या सणाच्या रविवारी मात्र कुणी जागचं हलत नाही. वेदीपुढच्या टेबलावर लाल कोहळी असतात, सीताफळांची टोपली असते, चवळीच्या शेंगा, गावरान अंडी, काकूंनी घरून करून आणलेला केक आणि एका ताटात नुकत्याच फुटलेल्या बोंडांचा कापूस. टेबलाखाली पाय बांधलेला कोंबडा अख्खं प्रवचन ऐकून कंटाळलेला. मग पंचांपैकी आवाजाचा खणखणीत असेल तो उठतो आणि लिलाव सुरू होतो.

विदर्भातल्या मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांत हा लिलाव म्हणजे सणाचा अर्धा जीव. बाजारात पन्नासाला मिळणारं कोहळं दोनशेवर जातं. ‘दोनशे एक वार, दोनशे दोन वार...’ एवढ्यात मागच्या बाकावरून धाकटा भाऊ अडीचशे म्हणतो, केवळ थोरल्याला चढवण्यासाठी. थोरला घेतो आणि घेतलेलं कोहळं तिथल्या तिथे परत दान करतो. ते पुन्हा विकलं जातं. एकच कोहळं तीनदा विकलं गेल्याचं कुणाला नवल वाटत नाही. ज्या घरची माणसं दोन बाकं भरून बसतात, त्या घराची तर ही कसोटीच असते: आजीनं पाठवलेला लोणच्याचा बरणीभर माल दुसऱ्या घरात जाऊ द्यायचा नाही, असा सुनांचा पण असतो. पैसे मंडळीच्या खात्यात जातात, बरणी आजीच्या फळीवर परत येते.

हा सण वर्धा जिल्ह्यात कुठून आला, याचा माग काढू गेलं तर वाट थेट इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला जाते. कॉर्नवॉलमधल्या मॉरवेनस्टो या समुद्राकाठच्या गावी रॉबर्ट स्टीफन हॉकर नावाचा पाळक होता. 1 ऑक्टोबर 1843 रोजी त्याने गावकऱ्यांना नव्या धान्याच्या भाकरीने प्रभुभोजन घ्यायला बोलावलं. आजचा चर्चमधला हंगामाचा सण इथून धरतात. हॉकर माणूस वल्ली. रविवारी उंदीर मारला म्हणून त्याने आपल्या मांजराला मंडळीबाहेर काढलं, असं सांगतात. नव्या पिकाचा आनंद इंग्लंडात त्याआधीही होताच; पण तो शेतावरचा, पिंपभर बिअरचा. हॉकरने त्याला देवळाच्या आत आणून बसवलं. पुढच्या पन्नासेक वर्षांत इंग्लंडभर ही चाल पसरली आणि मिशनऱ्यांच्या सामानातून जहाजावर चढली.

वर्ध्यात मात्र आधी येऊन बसले होते ते स्कॉटिश, आणि सणवार म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठी. स्कॉटलंडच्या प्रेस्बिटेरियन मंडळीने सोळाव्या शतकातच सगळे सण मोडीत काढले होते. खुद्द नाताळची सार्वजनिक सुटी तिथे 1958 साली सुरू झाली. अशा मातीतला स्टीफन हिस्लॉप 1845 मध्ये फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडतर्फे नागपुरात आला. शाळा काढली, गोंडांची भाषा आणि चालीरीती टिपल्या, दगड आणि जीवाश्म गोळा केले. एका खनिजाला त्याच्यावरून हिस्लॉपाइट हे नाव मिळालं, कॉलेजला मिळालं ते वेगळंच.

त्याचा शेवट वर्ध्याच्या वाटेवर, ऐन शरदाच्या तोंडाशी झाला. सप्टेंबर 1863. वर्धा जिल्हा नागपुरातून वेगळा होऊन जेमतेम वर्ष झालेलं. मध्य प्रांताचा कारभार पाहणारा रिचर्ड टेंपल आणि हिस्लॉप टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळं पाहायला गेले होते. हिस्लॉप एका गावातली शाळा तपासायला मागे थांबला. रात्री परतताना ओढा फुगलेला होता. मुक्कामावर घोडा आला, तो रिकामा. ती तारीख 4 सप्टेंबर. पावसाळ्यातल्या पाण्याचा भरवसा नसतो हे वर्ध्याच्या कुठल्याही गुराख्याला ठाऊक असतं. अठरा वर्षं या मुलखात काढलेल्या विद्वानाला ते त्या एका रात्री भोवलं. त्याच्या टिपणांचं पुस्तक पुढे टेंपलनेच 1866 मध्ये छापवून घेतलं.

त्याच 1866 मध्ये पालकवाडी नावाच्या खेड्याच्या जागी वर्धा शहराची आखणी झाली आणि पुढच्या वर्षी आगगाडी नागपूरला पोचली. 1870च्या दशकात वरोऱ्याच्या कोळशासाठी फाटा निघाला आणि वर्धा जंक्शन झालं. गार्ड, ड्रायव्हर, तारमास्तर यांच्याबरोबर रेल्वेतली ख्रिस्ती बिऱ्हाडं आली. स्कॉटिश मिशनने नागपूर, भंडारा, वर्धा अशी ठाणी केली.

पण ख्रिस्ती गोतावळा वाढवण्यात दुष्काळाचाही मोठा हात होता. 1896-97 आणि पाठोपाठ 1899-1900 या दोन दुष्काळांनी मध्य प्रांत पिळून काढला. पंडिता रमाबाई 1897 मध्ये याच प्रांतात फिरून अनाथ मुली आणि विधवा केडगावला घेऊन गेल्या. ठिकठिकाणच्या मिशनांचे अनाथाश्रम भरले. ज्यांना घर राहिलं नव्हतं अशी मुलं एका छपराखाली वाढली, त्यांची आपसात लग्नं लागली, आणि रक्ताचं काही नसताना मावश्या, मामा, आत्या तयार झाल्या. विदर्भातल्या जुन्या ख्रिस्ती घरांत ‘हे आपले कोण?’ असं विचारलं तर उत्तर बऱ्याचदा लांबलचक मिळतं, त्याचं एक कारण हे. दुसरं साधं आहे. समाज लहान, म्हणून सोयरिकी वर्धा, नागपूर, यवतमाळ, अमरावती एवढ्यातच फिरतात. दिवाळीच्या सुटीत शाळा बंद असतात, त्यामुळे हा सगळा गोतावळा जमायचा मुहूर्त नाताळाआधी एकदा शरदातच लागतो. मुलांचे संडे स्कूलचे वर्ग, युवकांची शिबिरं, लग्नं आणि हंगामाचा सण, सगळं त्याच तीन-चार आठवड्यांत.

एक गंमत मात्र कुणी फारशी बोलून दाखवत नाही. इंग्लंडात सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये हा सण होतो तेव्हा गहू कापून कोठारात गेलेला असतो. वर्ध्यात त्याच सुमाराला गव्हाची पेरणी व्हायची असते! ज्वारीचं कणीस अजून हिरवं असतं, तुरीला शेंगा धरायच्या असतात. हाती आलेले असतात मूग आणि उडीद, आणि कपाशीचं पहिलं बोंड नुकतं फुटत असतं. म्हणजे परक्या पंचांगातला सण आपल्या शेतावर लावायचा, तर काहीतरी ताणावं लागणारच. तो ताण पुढे कमी केला सोयाबीनने. 1980-90च्या दशकांत हे पीक विदर्भात पसरलं, ऑक्टोबरात घरात येऊ लागलं, दिवाळीच्या खर्चाला पैसा देऊ लागलं. कॉर्नवॉलच्या पाळकाचं वेळापत्रक वर्ध्याला जमलं ते दीडशे वर्षांनी आणि सोयाबीनच्या कृपेने. असा उपकार कुठल्या बिशपच्याही हातून झालेला नाही.

कपाशीची गोष्ट निराळी. हिंगणघाटचा कापूस एकोणिसाव्या शतकात विलायतेच्या बाजारात स्वतःच्या नावाने ओळखला जाई. हिंगणघाट आणि पुलगावला गिरण्या उभ्या राहिल्या त्या त्याच्याच जोरावर. इथल्या शेतात पहिल्या वेचणीला ‘सीतादही’ करतात. दहीभात शेतात शिंपडायचा, पूजा करायची, आणि मग ओटी बांधून बाया सऱ्यांत शिरतात. ख्रिस्ती शेतकऱ्याच्या घरी दहीभात नसतो. पण पहिल्या वेच्यातली मूठ वेगळी काढून ठेवायची आणि रविवारी टेबलावर नेऊन ठेवायची, हे शेजारच्या बांधावरच्या बाईला समजावून सांगावं लागत नाही. ती लगेच मान डोलावते. तिच्याही घरी पहिल्या पिकावर खाणाऱ्याचा हक्क नसतो.

मराठी मुलखात हा सण पिकाच्या मागोमाग सरकत जातो, हे जरा लांबून पाहिलं की स्पष्ट दिसतं. गोव्यात ‘कोणसांचें फेस्त’ ऑगस्टमध्येच. रायच्या चर्चमध्ये तर 5 ऑगस्टला भाताची पहिली कणसं आशीर्वादाला येतात. मुंबईचे ईस्ट इंडियन ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी ‘आगेरा’ करतात. भाताच्या पेंढ्या बैलगाडीतून मिरवत चर्चमध्ये आणतात, बायका लुगडी नेसून पुढे, बँड मागे. ज्यांच्या भातखाचरांवर कधीच्याच इमारती उभ्या राहिल्या, तेही कुठून तरी चार कणसं मिळवतात. कोकणात कोजागरीला नवान्न पौर्णिमा म्हणतात आणि नव्या भाताच्या लोंब्या दाराला बांधतात. आगेरा तिथून फार दूर पडत नाही. लॅटिनमध्ये शेताला ‘आगेर’ म्हणतात, त्यावरून हे नाव आलं असं मानतात.

वर्ध्यातले कॅथलिक मात्र वेगळ्याच दिशेला बघतात. 1962 साली चांद्याचं धर्मक्षेत्र निघालं ते केरळच्या सिरो-मलबार परंपरेच्या मिशनऱ्यांकडे सोपवून, आणि चंद्रपूर-गडचिरोलीबरोबर वर्धा जिल्हाही त्यात आहे. म्हणजे वर्ध्याचा कॅथलिक माणूस बल्लारपूरला बसणाऱ्या चांद्याच्या बिशपच्या हाताखाली, आणि त्याचा प्रॉटेस्टंट व्याही नागपूरच्या. मोठ्या घरात दोन्ही बाजू सुना-जावयांतून एकत्र येतात, आणि मग शरद चांगलाच लांबतो. ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना, तेव्हा संध्याकाळी रोझरीला एका सुनेकडे. 2 नोव्हेंबरला मृतांचा दिवस. आदल्या दिवशी मुलं कबरीवरचं गवत उपटतात, चुना मारतात. दुसऱ्या दिवशी झेंडू आणि मेणबत्त्या. दिवाळीत झेंडूचा भाव चढलेला असतो, त्यावरून दोन शब्द दरवर्षी होतात. प्रॉटेस्टंट सासरे ‘आमच्यात हे नसतं’ म्हणत सोबत जातात आणि आईच्या कबरीवरची मेणबत्ती वाऱ्याने विझू नये म्हणून हाताचा आडोसा धरून उभे राहतात.

गाण्यांच्या बाबतीत असला भेद उरत नाही. नारायण वामन टिळक नागपुरात संस्कृत ग्रंथांच्या कामावर होते. 1893च्या सुमारास राजनांदगावच्या आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाने त्यांच्या हाती बायबल दिलं, आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे त्यांनी शंभरावर पदं लिहिली ती अभंगाच्या, ओवीच्या चालीत. ‘उपासना संगीत’ हे गीतपुस्तक उघडलं की त्यांचं नाव पानोपानी भेटतं. स्कॉटिश पाळकांनी पेटी-तबल्याविषयी मनातून काय म्हटलं असेल ते असो, विदर्भातल्या मंडळ्यांनी टाळ हातात घेतले ते खाली ठेवले नाहीत.

वर्ध्याच्या शरदाची सुरुवात खरं तर 2 ऑक्टोबरपासून धरायला हवी. या जिल्ह्यात तो दिवस शाळेच्या पटांगणात सूतकताईचा, सेवाग्रामच्या वाटेवर गर्दीचा. आणि गांधींच्या वर्ध्यातला सर्वात कर्तबगार गृहस्थ ख्रिस्ती होता. जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा, 1892 साली तंजावरला एका भरल्या ख्रिस्ती घरात जन्मलेला, लंडनमध्ये शिकलेला हिशेबनीस. डिसेंबर 1934 मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला तेव्हा त्याचा सारा भार त्यांच्यावर आला. जमनालाल बजाजांनी दिलेल्या मगनवाडीत घाणी, हातसडीचा तांदूळ, ताडगूळ, हातकागद, मधमाश्या यांचे प्रयोग चालले. 30 डिसेंबर 1938 रोजी मगन संग्रहालय उघडलं. भाऊ भारतन वर्ध्यात मदतीला होते, दुसरे भाऊ जे. एम. कुमारप्पा मुंबईत टाटांच्या समाजकार्य संस्थेचे संचालक झाले, बहीण श्रीमती अप्पासामी यांनी चेन्नईत मुलींची शाळा काढली. कॉर्नेलियस हे आडनाव मागे सारून आजोबांचं कुमारप्पा हे नाव घेणारी ही भावंडं. आपल्याकडे ख्रिस्ती नाव आणि मराठी आडनाव एकत्र नांदतातच, त्यामुळे वर्धेकरांना त्यात विशेष वाटलं नसावं.

कुमारप्पांनी येशूच्या शिकवणीवर पुस्तक लिहिलं ते जबलपूरच्या तुरुंगात, शाश्वत अर्थव्यवस्थेवरचं पुस्तकही तिथलंच. दोन्ही 1945 मध्ये छापून आली. पीक कुणाच्या घामाचं आणि भाव कुणाच्या खिशात, हा प्रश्न त्यांनी दोन्हीकडे सोडला नाही. हंगामाच्या प्रवचनात अजूनही तो डोकावतो, विशेषतः कापसाचा भाव पडलेल्या वर्षी. त्या वर्षी लिलावात बोली चढत नाही आणि पंच ओरडून ओरडून घसा बसवून घेतात.

स्कॉटिश मिशनची मंडळी 1924 मध्ये उत्तर भारताच्या एकत्रित मंडळीत गेली होती. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये ती आणि आणखी पाच मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया जन्माला आलं. वर्ध्यापासून हे ठिकाण सत्तर-ऐंशी किलोमीटर. स्कॉटिशांचे वारस आणि हॉकरच्या पंथाचे वारस यांचा इथे एकच संसार झाला, तो नेमका वेचणीच्या दिवसांत.

तर ते कोहळं. तिसऱ्यांदा विकलं गेलं की ते थोरल्या सुनेच्या स्वाधीन होतं. संध्याकाळी सगळं घर जमतं, जावयांसकट. कोहळ्याच्या जाड फोडी पडतात, खसखस आणि सुकं खोबरं भाजून वाटलं जातं, चारोळी आठवणीने वरून. विदर्भात हिला बाकरभाजी म्हणतात. एवढ्या माणसांना एक कोहळं पुरत नाही, म्हणून दुपारीच कुणीतरी बाजारातून दुसरं आणून ठेवलेलं असतं, पन्नास रुपयांचं.